करड्यातलं काळं

गाडीचं वय ओळखायचं असेल तर तिचा रंग पाहू नये, तिचं काळं पाहावं. रंगाला खोटं बोलता येतं. धुतला, पुसला, थोडं पॉलिश मारलं की पत्रा पाच-सात वर्षं सहज लपवतो. काळ्याला ते जमत नाही. काचेभोवतीचं रबर, दाराच्या काचेखालची पट्टी, बंपर, वायपरखालची जाळी, आरशाचं कवच, असं जे जे कंपनीने रंगवायचं सोडून दिलं ते ते सगळं उघड्यावर म्हातारं होतं.

हिंगोलीत एका निवृत्त गुरुजींची पांढरी मारुती ८०० आहे. नंबर एमएच-२२चा, म्हणजे परभणीचा. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला आणि इथल्या गाड्यांच्या वाट्याला एमएच-३८ आला. ही गाडी त्याआधीची, जिल्ह्याहून वयाने मोठी. तिचं उडालेलं काळं अलीकडेच परत आणलं गेलं. आणणाऱ्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. त्यांच्या त्या कामाचं हे रसग्रहण. कवितेचं करतात, बंदिशीचं करतात, बंपरचं करायला हरकत नसावी.

हे काम निघालं नंबरप्लेटमुळे. १ एप्रिल २०१९पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली आणि गुरुजींच्या गाडीची जुनी पाटी उतरली. पाटीखाली बंपरवर एक लांबट आयत निघाला, काळाकुळकुळीत. घरातल्या नातवंडांनी मारुतीचा बंपर राखाडीच पाहिला होता. तो तसाच असतो असं त्यांना वाटे. त्या आयताने सगळ्यांनाच कोड्यात टाकलं. इतकी वर्षं पाटीच्या सावलीत कंपनीच्या हातचं काळं जसंच्या तसं बसून होतं. किती गडद, किती चमक, वरची कणी किती बारीक, सगळं त्यात होतं. जुन्या पोथीचा एवढा शुद्ध पाठ मिळाला तर संशोधक नाचतील.

आयताबाहेर मात्र ऊन कुठून येत होतं याचा पक्का हिशेब लिहिलेला होता. गुरुजींच्या अंगणात गाडी वर्षानुवर्षं पूर्वेला तोंड करून उभी असते. हिंगोली साधारण १९.७ अंश उत्तर अक्षांशावर. इथे सूर्य मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात बरोबर डोक्यावर येतो. मधले दोन महिने दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला कललेला असतो, बाकीचे दहा महिने दक्षिणेला. तोंड पूर्वेला म्हटल्यावर दक्षिण आली उजव्या अंगाला, ड्रायव्हरच्या दाराला. त्या दाराची पट्टी राखेसारखी झालेली, डावीकडची अजून बरी. बंपरची वरची कड, जी आभाळाकडे तोंड करून असते, ती जवळजवळ पांढरी. समोरचा पृष्ठभाग करडा. खालची बाजू, जिथे फक्त रस्ता दिसतो, तिथे काळं शाबूत. एकाच बंपरवर हात वरून खाली फिरवावा तर पंचवीस-तीस उन्हाळे क्रमाने लागतात.

सगळ्यात वाईट गत होती वायपरखालच्या जाळीची. ती आडवी, म्हणजे सूर्याला सगळ्यात सोपी. आणि वरून ऊन तसं खालून इंजिनाची धग. तिला बोट लावलं की बोटाला खडूसारखी पूड येत होती.

ड्रायव्हरच्या दाराच्या त्याच राखाडी पट्टीवर मधोमध एक वीतभर जागा मात्र काळसर आणि गुळगुळीत होती. ही गुरुजींच्या कोपराची जागा. काच खाली करून, कोपर बाहेर काढून हिंगोली ते औंढा, औंढा ते वसमत अशी जी काही वर्षं गेली असतील, त्यांत घामाने, अंगाच्या तेलाने आणि घासण्याने तेवढा तुकडा आपोआप राखला गेला. दुरुस्तीचं सगळं शास्त्र त्या वीतभर जागेत आहे असं मला नंतर कळलं.

आधीच्या पिढीतल्या गाड्यांना हे दुखणं एवढं नव्हतं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने मुंबईत कुर्ल्याला बनवलेली पद्मिनी आठवा. बंपर पोलादाचा, वर क्रोम. पुढच्या काचेच्या रबरातसुद्धा चकचकीत पट्टी खोवलेली. क्रोमला गंज चढतो, पण घासलं की ते पुन्हा मिरवायला तयार. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये वीस वर्षांची मुदत संपून निवृत्त झाली तेव्हाही तिच्या फोटोंमध्ये क्रोमच आधी डोळ्यांत भरत होतं. १४ डिसेंबर १९८३ला पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली आणि आपल्याकडे हा थाट हळूहळू मावळला. युरोपात रेनो ५ने १९७२मध्येच प्लास्टिकचा बंपर सर्वसामान्यांच्या गाडीला लावला होता. हलका, न गंजणारा, हलक्या धक्क्याने न पोचणारा. साध्या मॉडेलच्या मारुतीला तो न रंगवताच लावत.

क्रोमला दिसायचं होतं. काळ्याला दिसायचंच नव्हतं. काचेभोवतीचं काळं काचेची कड पुसून टाकतं, त्यामुळे काच मोठी वाटते. दार आणि पत्रा यांच्यातली फट काळ्यात विरते. बंपर सावलीसारखा खाली राहतो आणि पांढरा रंग सुटून वर येतो. हे काळं जोवर नीट आहे तोवर कुणाच्या नजरेला पडत नाही. करडं झालं की पडायला लागतं, आणि मग डोळा सारखा तिथेच जातो. म्हणून माझं मोजमाप साधं आहे: काम झाल्यावर काळं पुन्हा दिसेनासं झालं पाहिजे. जे काम ‘बघा, मला काळं केलं’ असं ओरडतं ते फसलेलं.

आता हे करडं येतं कुठून? बंपरचं प्लास्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीन, त्यात थोडं रबर, थोडी टाल्कसारखी भुकटी आणि रंगाला कार्बन ब्लॅक. कार्बन ब्लॅक म्हणजे तेल अर्धवट जाळून धरलेली काजळी. काजळी उन्हाला भीत नाही. उलट अतिनील किरण तीच गिळते, म्हणून काळं प्लास्टिक इतर रंगांच्या प्लास्टिकपेक्षा जास्त टिकतं. काजळी उडून जाते हा आपला समज चुकीचा. तुटतं ते तिला धरून ठेवणारं प्लास्टिक. ऊन आणि हवेतला प्राणवायू मिळून वरच्या थरातल्या लांब साखळ्यांचे तुकडे करतात. थर भुसभुशीत होतो, त्यात बारीक चिरा आणि खड्डे पडतात, पांढरी भुकटी उघडी पडते. अशा खडबडीवर उजेड आत न जिरता चहूकडे विखुरतो आणि आपल्याला राखाडी दिसतं. काळं आतच असतं.

मे महिन्यात हिंगोलीहून सेनगावकडे जाताना दोन्ही बाजूंची जमीन बघावी. काळी म्हणून तिची ख्याती, पण तेव्हा ती असते करडी, भेगाळलेली. मृगाचा एक चांगला पाऊस झाला की तासाभरात तीच काळीभोर. पावसाने काही रंग आणलेला नसतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा होती, तिथे पाणी बसलं; प्रकाशाच्या हिशेबात पाणी मातीच्या कणाला हवेपेक्षा जवळचं, म्हणून उजेड कमी विखुरतो आणि जास्त आत जातो. बंपरवर ओलं फडकं फिरवा, अगदी हेच होतं. आणि पाणी वाळलं की जमीन पुन्हा करडी, बंपरही.

चाचांनी काम हातात घेताना एकच प्रश्न विचारला. ‘गुरुजी, काळं लावून देऊ का काळं बाहेर काढून देऊ?’

‘फरक काय हो, चाचा?’

‘लावलेलं पावसात वाहून जातं. काढलेलं बी जातं, पर सावकाश जातं.’

लावण्याचे प्रकार आपल्याकडे कमी नाहीत. बुटाचं पॉलिश हा सगळ्यांत जुना. मेण आणि रंग, दोन दिवस छान, तिसऱ्या दिवशी शर्टाच्या बाहीवर. खोबरेल लावणारे आहेत. त्यावर धूळ अशी बसते की आधीचं करडं बरं होतं. डिझेल मारणारे आहेत. आणि गॅरेजचं लाडकं औषध म्हणजे इंजिनातून काढलेलं जळकं ऑईल. यातलं जवळजवळ सगळं त्या क्षणी काळं दाखवतं, कारण खड्ड्यात काहीही द्रव बसलं की उजेड विखुरायचा थांबतो. प्लास्टिकचं त्याने फारसं बिघडत नाही. रबराचं बिघडतं.

रबराची जात इथे पाहावी लागते. दारांना आणि काचांना आता बहुतेक ईपीडीएम नावाचं रबर वापरतात. ते १९६०च्या दशकात बाजारात आलं. झाडाच्या चिकापासून केलेल्या नैसर्गिक रबराच्या साखळीत जागोजाग दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमका तिथे तोडतो. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत असे बंध नसतात, त्यामुळे ऊन, पाऊस, ओझोन ते वर्षानुवर्षं सोसतं. पण खनिज तेल त्याला सोसत नाही. डिझेल किंवा जळकं ऑईल लावलं की ते तेल पितं, फुगतं, मऊ पडतं आणि खाचेतून बाहेर येऊ लागतं. म्हणजे ज्याने रबर काळं दिसतं त्यानेच ते जातं. गुरुजींच्या पुढच्या काचेचं बीडिंग मात्र मधे कधीतरी बदललेलं, स्वस्तातलं होतं. त्याच्या चारही कोपऱ्यांत बारीक भेगा होत्या, सरळ भागात एकही नाही. ओझोनच्या भेगा ताण असेल तिथेच पडतात आणि ताणाला नेहमी आडव्या जातात. काचेच्या कोपऱ्यावर वळताना रबराची बाहेरची बाजू ताणलेली असते. चाचांनी त्या भेगा पाहिल्या आणि ‘हे रबर वरिजनल नाय’ एवढंच म्हणाले. पृथक्करण प्रयोगशाळेत करायची गरज पडली नाही.

त्यांच्या कामाचा मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे बराच वेळ त्यांनी काहीच लावलं नाही. फक्त काढलं. साबणाचं पाणी, जुना दात घासायचा ब्रश, बनियनचं फडकं. बंपरच्या कणीत आधीच्या कुणीतरी मारलेल्या रबिंग पॉलिशचे पांढरे डाग सुकून बसले होते. ते एकेक खाच धरून उपसले. मग पुन्हा धुणं, पुन्हा घासणं, फडक्याला राखाडी येणं बंद होईपर्यंत. ही राखाडी म्हणजे तोच तुटलेला, भुसभुशीत थर. तो तसाच ठेवून वर काहीही चोपडलं तर ते पुडीला चिकटतं, बंपरला नाही, आणि पुडीबरोबरच निघून जातं. ‘काढून देऊ’ याचा अर्धा अर्थ इथे आहे. घासून झाल्यावर बंपर आधीपेक्षाही वाईट, कोरडा, ओकाबोका दिसत होता. गुरुजींचा चेहरा पडला. चाचा चहा प्यायला गेले, गाडी उन्हात वाळत ठेवून.

दारांच्या काचा ज्या खाचेत वरखाली होतात तिथल्या फेल्टला त्यांनी ओलं काही लावू दिलं नाही. त्यावर बारीक धाग्यांची लव असते. तिला तेल लागलं की आपली काळी माती तिथे चिखल होऊन बसते, वाळली की खडा होते, आणि काच प्रत्येक वेळी स्वतःला ओरखडत वर जाते. ती खाच कोरड्या ब्रशने साफ झाली. दाराच्या तळाशी पाणी जायला छिद्रं असतात, तीही मातीने बुजलेली होती. तारेने मोकळी केली. याचा काळ्याशी काही संबंध नाही, पण रबराचं काम करणारा माणूस पाणी कुठे जातं ते पाहिल्याशिवाय राहत नाही.

लावण्याआधी टेप. पांढरा पत्रा आणि काळं रबर जिथे भेटतात त्या प्रत्येक रेषेवर. सिलिकॉन पत्र्यावर गेलं की पुढे कधी तिथे रंग मारायचा म्हटलं तर रंग धरत नाही, त्यात खळगे पडतात. पेंटर मंडळी म्हणूनच सिलिकॉनवाल्यांवर खार खाऊन असतात. मग पाण्यात मिसळलेलं दुधासारखं सिलिकॉन, स्पंजावर थेंबभर. लावायचं, थांबायचं, उरलेलं पुसून घ्यायचं. पुन्हा एक पातळ हात, पुन्हा पुसणं. वॉशिंग सेंटरवर हेच द्रव फवारून तसंच सोडतात. टायरसकट सगळं ओलं लखलखीत होतं, गिऱ्हाईक खूश होतं आणि पहिल्या पावसात दारावरून काळपट ओघळ उतरतात. पुसून घेणं ही या कलेतली खरी अक्कल आहे. खड्ड्यात बसलेलं राहू द्यायचं आणि उंचवट्यावरचं काढून घ्यायचं, म्हणजे काळं येतं पण चमक येत नाही.

हिट गनचा एक मार्ग असतो. गरम झोताने प्लास्टिकचा वरचा थर क्षणभर वितळवतात, खडबड मिटते, काळं झपकन वर येतं. पाहायला ही जादूच. पण त्यात बंपरची कणी सपाट होऊ शकते, आणि हात थोडा रेंगाळला तर शेजारचं रबर सुरकुततं. चाचांनी ती गन बाहेर काढलीच नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना पूर्ण गुण देतो.

मोजायला तो आयत होताच. नवी प्लेट बसवण्याआधी सगळ्यांनी वाकून पाहिलं. आयताची कड शोधावी लागत होती. डावीकडची सापडली, उजवीकडची नाही. काळ्याची पातळी जुळली, चमकही जुळली, मंद, सुकलेल्या शाईसारखी. ड्रायव्हरच्या पट्टीवर कोपराची वीतभर जागा पूर्वी गडद म्हणून उठून दिसायची, आता जरा गुळगुळीत म्हणून. उजेड तिरका पडला तरच. एक उणं आहे. मागच्या बंपरचा डावा कोपरा कधीतरी भिंतीला घासलेला, तिथे कणीच उरलेली नाही. तो भाग काळा झाला पण सपाट चमकतो आणि सारखा डोळ्यात येतो. तिथे सिलिकॉन मुळीच न लावता फक्त घासून सोडलं असतं तर बरं झालं असतं असं माझं मत. चाचांना ते पटलं नाही.

दाराच्या आतल्या रबराचं मात्र वेगळं. ते पोकळ असतं, दार लावलं की दबतं आणि त्या दाबाने पाणी अडवतं. वर्षानुवर्षं दबून ते चपटंच राहू लागलं की त्याची उसळी कुठल्याही द्रवाने परत येत नाही. चाचांनी वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. तीन दारांना ती अडकली, मागच्या डाव्या दाराला सहज सुटली. तिथे नवं रबर बसलं. नवं गडद, नवं टपोरं, जुन्यात न मिसळणारं. कुणी म्हणेल विजोड दिसतं. औंढ्याला नागनाथाच्या देवळात खालचा कोरीव काळा दगड यादवकालीन आणि वरचा भाग अहिल्याबाई होळकरांच्या काळातला मानतात. दोन्हींमधली सीमा दुरूनच दिसते आणि त्याने देवळाचं काही अडलेलं नाही. गळणाऱ्या दाराला नुसतं काळं करून सोडणं ही फसवणूक झाली असती.

डिकीच्या रबराने एक गंमत केली. गुरुजींची थोडी शेती आहे, वसमतच्या बाजारात हळदीचे नमुने नेताना पोती याच डिकीत. भौगोलिक मानांकन मिळालेली ती वसमतची हळद रबराच्या चिरांत पिवळी होऊन बसली होती. बाहेरच्या पट्ट्यांवर मात्र पिवळं नावाला नाही, जरी धूळ तिथेही उडालीच असणार. हळदीतलं कुरकुमीन उजेडात टिकत नाही. साडीवरचा डाग उन्हात घातला की फिका होतो तो त्यामुळेच. ज्या उन्हाने बाहेरचं काळं घालवलं त्यानेच तिथलं पिवळंही साफ करून टाकलं, आणि डिकीच्या अंधारात पिवळं टिकलं, रबरही टिकलं. त्यावर साबणाचं पाणी पडताच फेस तांबडा झाला, हळद साबणाला भेटली की होतो तसा. चाचांच्या पोराला आधी वाटलं हात कापला.

सगळं मिळून एक दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ गेली. गाडी पासिंगला न्यायची होती. तिथे दिवे, ब्रेक, चासी नंबर पाहतात, बंपरचं काळं कुणी पाहत नाही हे गुरुजींना ठाऊक होतं. किती टिकेल असं त्यांनी विचारलं तेव्हा चाचांनी आकडा दिला नाही. ‘गाडी झाडाखाली लावा, मग सांगतो,’ म्हणाले. अंगणात झाड नाही, म्हणून तूर्त गाडीचं तोंड पश्चिमेला फिरवलंय. डावी बाजू अजून पुष्कळ ऊन खाऊ शकते. वायपरखालची जाळी मात्र वाचली नाही. घासताना तिची दोन पात्यं हातात आली. तशी जाळी हिंगोलीत मिळाली नाही, नांदेडच्या जुन्या मालात बघायचं ठरलंय, तोवर मोडक्या जागी काळी टेप आहे.